बेलापूरचे आगामी

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही सिनेमा धड शेवटपर्यंत बघितला नव्हता, आणि सिनेमावर त्यांच्याइतकं लिहिणारा माणूस अख्ख्या श्रीरामपूर तालुक्यात शोधून सापडला नसता. यात काही विचित्र आहे असं त्यांना स्वतःला कधीच वाटलं नाही. ते फक्त यायच्या सिनेमांवर लिहायचे. सिनेमा एकदा आला की त्यांच्या लेखी विषय मिटला. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं. लहानथोर सगळे 'आगामी' म्हणायचे, अगदी पोस्टमनसुद्धा. मी मात्र त्यांना अण्णा म्हणायचे, कारण ज्यांच्या घरात राहायचं त्यांना 'ओ आगामी' अशी हाक मारायला माझी जीभ रेटेना.

मी मूळची पाथर्डीकडची. बेलापूरच्या शाळेत नेमणूक झाली आणि खोली बघत बघत यांच्या दारात येऊन उभी राहिले. आता घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. मटण-मच्छी करता का, पाहुणे किती येतात, रात्री परत कधी येता. मी उत्तरं तयार ठेवली होती. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाई, थेटरात गेल्यावर तुमी ट्रेलर चुकवता का वो?"

मी म्हटलं, "नाही, उलट त्यासाठी लवकर जाते."

"खोली तुमची."

आतनं काकू ओरडल्या, "अहो, पान्याचं तरी सांगा त्यास्नी!"

"पान्याचं तू सांग," अण्णा म्हणाले, आणि मला जवळ बसवून मोबाईलवर कुठल्याशा येऊ घातलेल्या सिनेमाचं पोस्टर दाखवायला लागले. माझी बॅग रस्त्यावरच होती.

नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात केली होती. कामावर कोण आला, कोण उशिरा आला, कोण आलाच नाही, हे बघण्यात हयात गेली. रिटायर झाल्यावर ते सिनेमांची हजेरी घ्यायला लागले. भाषाही कारखान्याचीच. एखाद्या सिनेमाची नुसती घोषणा झाली की 'ऊस लागला'. टीझर आला की 'बॉयलर पेटला'. गाणी ऐकून 'उतारा बरा पडंल' किंवा 'उतारा न्हाई', म्हणजे उसातनं साखर किती निघेल ते. आणि शुक्रवारी सिनेमा लागला की 'मोळी पडली'. हंगामाच्या पहिल्या दिवशी कारखान्यात पूजा करून उसाची मोळी गव्हाणीत टाकतात ना, ती मोळी. ती पडली की अण्णांचा रस संपला. "पुढं काय हाय, गाळप. आन शेवटी चिपाड. त्ये काय बघायचं?"

आणि हा 'हाय-न्हाई' बोलणारा माणूस दर शुक्रवारी आपल्या ब्लॉगवर काय शुद्ध लिहायचा! 'प्रस्तुत चित्रपटाच्या झलकेवरून असे अनुमान काढण्यास हरकत नसावी की...' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हे दुसऱ्याच कुणाचं आहे. काकू म्हणाल्या, "लिवताना त्ये इस्त्रीचा शर्ट घालून बसत्यात, म्हनून तसं हुतं." मला वाटलं चेष्टा करतायत. शुक्रवारी खाली गेले तर खरंच इस्त्रीचा शर्ट.

हे खूळ आलं कुठनं, तर लहानपणातनं. वडील कडक. सिनेमाचं नाव काढायचं नाही. पण बाजाराला श्रीरामपूरला गेलं की टॉकीजच्या बाहेर काचेच्या कपाटात पुढच्या सिनेमाचे फोटो लावलेले असायचे, वर मोठ्या अक्षरात 'आगामी'. ते बघायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. अण्णा ते फोटो बघायचे आणि घरी येईपर्यंत अख्खा सिनेमा रचायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे. मग कधीतरी ज्या पोरांनी तो सिनेमा खरोखर बघितला ती येऊन म्हणायची, "तुझाच बरा हुता रे." हे सांगताना अण्णा इतके खूश व्हायचे की त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नसे.

एकदा मी आणि काकूंनी त्यांना ओढून थिएटरात नेलं. अण्णा पुढं वाकून ट्रेलर बघत होते, मधेच माझ्या कानात 'बॉयलर! बॉयलर!' करत होते. ट्रेलर संपले, पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं, आणि हे उठले. "चला, झालं आपलं."

"बसा की वो खाली," काकू म्हणाल्या. "लोकं बघत्यात."

"तुमी बघा निवांत. मी हाय भाईर."

बाहेर आलो तर अण्णा पार्किंगवाल्याला तोच सिनेमा सांगत होते, आम्ही जो बघून आलो तो. त्यांच्या सिनेमात नायिकेची बहीण जिवंत होती, तिचं लग्न ठरलं होतं, आणि पार्किंगवाला शिट्टी वाजवायची सोडून डोळे पुसत होता. रिक्षात काकू मला म्हणाल्या, "बाई, आपन उगं तिकीट काडलं." मलाही तसंच वाटत होतं.

शुक्रवार हा असा त्यांचा. रविवार दुसऱ्यांचा. रविवारी ते स्वतःचं एक अक्षर लिहायचे नाहीत. मराठीत सिनेमावर ब्लॉग लिहिणारी आणखी काही मंडळी होती. त्यांचं त्या आठवड्यात जे आवडलं असेल ते अण्णा आपल्या ब्लॉगवर द्यायचे, वर चार ओळी कौतुकाच्या. सदराचं नाव 'शेजारची वाटी'. शेजारणीनं वाटीतनं काही पाठवलं तर ती वाटी रिकामी परत करायची नसते, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची, ही आपल्या घराघरातली रीत. अण्णांनी ती लिखाणाला लावली. वाचलंत? मग वाटी रिकामी द्यायची नाही. दोन ओळी उत्तर लिहायचंच.

आणि नुसतं छापून भागत नसे. रविवारी सकाळी ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचायचे. समोरनं जो जाईल तो धरला जायचा. दूध घालणारा सोपान तर हमखास. बिचारा मोटरसायकलला किटल्या लटकावून उभा.

"अण्णा, जाऊ द्या मला, दूध नासंल."

"नासू दे. वाटी टाक आधी."

"आता काय टाकू?"

"कसं वाटलं त्ये सांग."

"लई भारी."

अण्णा लगेच टाइप करायचे. 'आमचे दूधवाले म्हणतात : लई भारी.' पलीकडच्या लोकांना याची इतकी सवय झाली की सगळे सोपानच्या मताची वाट बघायला लागले. एकदा सोपानला सर्दी झाली होती, वैतागून म्हणाला, "आज न्हाई जमलं." अण्णांनी तेही इमानदारीत लिहिलं. लेख होता नागपूरच्या 'डोअरकीपर' नावानं लिहिणाऱ्याचा, त्यानं तो दुसऱ्याच दिवशी नव्यानं लिहून पाठवला. सोपानला हे कळलं तेव्हा तो आठवडाभर छाती काढून दूध घालत होता.

ही मंडळी खऱ्या नावानं लिहीत नव्हती. नागपूरचा 'डोअरकीपर'. डोंबिवलीचा 'ब्लॅकवाला', जो प्रत्यक्षात म्हणे इतका सरळ की लाल सिग्नलला पायी चालतानासुद्धा थांबायचा. आणि कुडाळची 'पुढची रांग'. या बाईंची नजर लहानपणापासून अधू, म्हणून त्या कायम पहिल्या रांगेत बसायच्या, आणि लिहायच्या असं की वाचणाऱ्याची मान दुखावी. अण्णांचा जीव त्यांच्या लिखाणावर. त्यांचा लेख आला की अण्णा रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालायचे. यातल्या एकालाही अण्णांनी कधी बघितलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही.

सोपान विचारायचा, "अण्णा, ही मान्सं हायेत ना पन नक्की? का मोबाईलच लिवतोय सगळं?"

"तुझ्या सर्दीची चौकशी कुनी केल्ती मग? मोबाईलनं?"

पण हळूहळू वाट्या यायच्या बंद झाल्या. कुणी व्हिडिओ करायला लागलं, कुणी नुसतंच थांबलं. शेवटी उरले हे तिघं आणि अण्णा. आणि एका रविवारी पुढच्या रांगेनं लिहिलं की दिवाळीनंतर मी ब्लॉग बंद करते. लिहिताना समोर कुणी बसलंय असं आता वाटत नाही. अण्णांनी ते मनात वाचलं, मोठ्यानं वाचलंच नाही. सोपान बराच वेळ थांबला आणि मग स्वतःहून म्हणाला, "जाऊ का मी?" अण्णांनी नुसती मान हलवली. मला त्यांचा तो चेहरा बघवेना.

काकूंना असलं खपत नाही. "अहो, मंग बोलवा की त्या बाईला! आन त्या दोघास्नी बी. येवढी वर्सं वाट्या फिरवताय, एकदा जेवाय बोलवा. समूर कुनी हाय का न्हाई ते बघू द्या त्यास्नी डोळ्यानं."

अण्णा आज करतो, उद्या करतो. शेवटी मीच विचारलं, अडलंय कुठं? ते पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. हसत म्हणाले, पण हसू काही नीट उमटलं नाही. "बाई, ही बाई थांबली तर माझा रविवार गेला, हे कळतंय मला. पन त्यांच्यासाठी मी आजून आगामी हाय. झलक तेवढी बघितलीय त्यांनी. आले, बसले, आन मोळी पडल्यावर नुसतं चिपाड निघालं तर? हायत तेबी जातील की वो."

हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. इतकी वर्षं लोकांचे सिनेमे बघायला न बसणारा माणूस आतनं हे धरून बसला होता! मी वर्गातल्या बाईंच्या आवाजात म्हटलं, "अण्णा, निमंत्रण लिहा. आत्ता." त्यांनी निमूट जाऊन शर्ट बदलला.

निमंत्रण झकास झालं. 'रविवारी सकाळी बेलापूर स्टेशनात उतरावे. बाहेर येऊन कोणालाही आगामी विचारावे.' आमच्याकडं एक गंमत आहे. बेलापूर गाव एकीकडं, आणि बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात. त्यामुळं बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो. तो गोंधळ होऊ नये म्हणून अण्णा स्वतः सकाळीच स्टेशनवर जाऊन उभे राहिले. हातात पुठ्ठा, त्यावर 'आगामी'. बरोबर मी, आणि पाहुण्यांच्या बॅगा आणायला सोपान, कुणाचा तरी टेम्पो मागून घेऊन. घरी काकूंनी पुरण शिजत घातलं होतं.

गाडी आली, शिर्डीला जाणारी माणसं उतरली, गाडी गेली. एक आजोबा पुठ्ठा वाचून विचारून गेले, "आगामी गाडी कितीला हाय?" बाकी कुणी नाही. सोपान माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. शेवटी तो हळूच म्हणाला, "म्हनलं नव्हतं का, मोबाईलच लिवतोय."

तेवढ्यात फोन वाजला. डोअरकीपर! अण्णांनी स्पीकर लावला.

"अहो भाऊ, आम्ही केव्हाचे स्टेशनबाहेर तुम्हाला शोधून राहिलो! कुठं आहात?"

"मी बी स्टेशनभाईरच हाय! पुठ्ठा घिऊन!"

"आम्हाला नाही दिसत."

"चहाची टपरी दिसती का?"

"दिसते ना. तिच्यासमोरच उभे आहो."

"मी बी समूरच हाय!" अण्णांनी पुठ्ठा डोक्यावर धरून गोल फेरी मारली. टपरीवाला बघतच राहिला. "आता दिसला का?"

"नाही बा. इथं तर समोर नुसत्या काचेच्या उंच इमारती."

अण्णांनी सगळीकडं बघितलं. आमच्या स्टेशनसमोर उसाची ट्रॉली उभी होती. "काचंच्या?" ते म्हणाले, आणि पुठ्ठा खाली आला.

तिघं नवी मुंबईच्या बेलापुरात होते. बेलापूर म्हटल्यावर डोंबिवलीच्या ब्लॅकवाल्यानं सांगितलं होतं की हे तर आमच्या हाकेच्या अंतरावर, तुम्ही सगळे आधी माझ्याकडं या. अण्णा कायम 'आमचा कारखाना, आमचा कारखाना' लिहायचे, आणि त्या बेलापूरच्या वाटेवर तर कारखानेच कारखाने. त्यांना वाटलं केमिकलचा. अण्णा नदीकाठचं लिहायचे, त्यांना वाटलं खाडी. 'मोळी' म्हणजे काय हे मात्र इतकी वर्षं कुणाला समजलं नव्हतं, पण विचारायची लाज वाटत होती. आणि तिथल्या तिकीट खिडकीवर यांनी खरोखर विचारलं होतं, "आगामी कुठं भेटतील?" तर उत्तर आलं, "आगामी लोकल पनवेल."

"अहो पन," अण्णा अगदी रडकुंडीला आले होते, "बेलापूर म्हणल्यावर बेलापूर! दुसरं कुठलं आसतंय?"

फोनवर कुजबुज झाली. मग बाईंचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत. "आगामी, मी पुढची रांग बोलतेय. कोकणातून रात्रभर बसून आले ती काय काचा बघायला? ब्लॅकवाले गाडी ठरवतायत. पुरण झाकून ठेवायला सांगा."

फोन बंद झाला. अण्णा पुठ्ठ्याकडं बघत उभे राहिले आणि एकाएकी त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बाई! निघालेत! पाव्हणे आगामी हायेत!"

त्या दुपारसारखे खूश अण्णा मी कधीच बघितले नाहीत. ते ओट्यावर ठिय्या मारून होते आणि येईल-जाईल त्याला खबर देत होते. आता घाट चढले असतील. आता आळेफाटा. आता संगमनेर, बॉयलर पेटला बघा! काकू आतनं ओरडत होत्या, "पाव्हने काय ट्रेलर हायेत का? जरा ओटा झाडा!" सोपान घरी जायचं नाव घेईना. तिघांत कोण जाड असेल, कोण बारीक, यावर ओट्यावर वाद झाला. गल्लीतली बायामाणसं येऊन बसली.

दिवेलागणीला पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. "आले!" सोपान ओरडला. सगळे उठले. आणि बघतो तर अण्णा गायब.

मी गच्चीत गेले. टाकीमागं उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

"बाई, ट्रेलर लई भारी झाला वो आपला," ते म्हणाले. "हितंच थांबवूया का?"

मला इतका राग आला, आणि इतकी मायाही. म्हटलं, "अण्णा, खाली पुढची रांग येऊन उभी आहे आणि तुम्ही बाल्कनीत काय करताय? उतरा आधी!"

खालनं खणखणीत आवाज आला, "आगामी कुठे आहेत?"

काकू म्हणाल्या, "वर हायेत. येत्यात, येत्यात."

अण्णा जिना उतरले, एकेका पायरीला थांबत. खाली एक ठेंगण्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. आणखी पुढं आल्या. अण्णांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येऊन त्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. अण्णांनी डोळेच मिटून घेतले.

"हं," बाई म्हणाल्या. "पोस्टरपेक्षा बरे आहात."

काय हशा पिकला! डोअरकीपर तर अण्णांच्या गळ्यातच पडला. ब्लॅकवाल्याचं आधी रस्त्याच्या कडेला गाडी नीट लागली का ते बघणं चाललं होतं. मग तिघांनी पिशव्यांत हात घातले आणि एकाच वेळी काय काढलं? वाट्या! आपापल्या घरच्या. कुडाळची खाज्याची, नागपूरची संत्राबर्फीची, आणि डोंबिवलीची अळूवडीची. बिचाऱ्याला बेलापूर जवळच वाटलेलं, सकाळी ताजी तळून आणलेली. संध्याकाळपर्यंत तिची पार रया गेली होती. सोपाननं तीच आधी उचलली. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"लई भारी," सोपान म्हणाला, आणि ब्लॅकवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पंगत झाली. जेवणानंतर ओट्यावर बाईंनी स्वतःचा एक लेख वाचला, गावच्या जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमावरचा. चांगला लांबलचक होता. मी लेख ऐकता ऐकता अण्णांकडं बघत होते. आता उठतील, मग उठतील. पण ते हलले नाहीत. शेवटचं वाक्य होईपर्यंत मांडी घालून बसले, आणि झाल्यावरही बसूनच राहिले. काकूंनी मला कोपरानं ढोसलं.

निघताना काकूंनी तिन्ही वाट्यांत शेंगदाण्याचे लाडू भरले. कुडाळची वाटी बाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "ताई, ही आता भरलेली चालली. म्हंजी परत पाठवायची बारी तुमची. बंद-बिंद काय न्हाई."

बाईंनी वाटी डोळ्यांजवळ धरून बघितली. "फसवलंत हो तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि काकूंचा हात धरून ठेवला. त्यांचा ब्लॉग अजून चालू आहे. माझी बदली होऊन मी आता राहुरीला असते, पण रविवारी तो वाचल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. उत्तरही लिहिते, वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून.

पाहुणे येऊन गेले त्या आठवड्यात शुक्रवारी मी शाळेतनं आले तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. लिहून झालं होतं. एवढ्या लवकर कसं झालं म्हणून मी मोबाईल उघडला. त्या शुक्रवारी मोठमोठे सिनेमे येऊ घातले होते, टीझरवर टीझर आले होते. अण्णांनी लिहिलं होतं :

'या आठवड्यात आगामी काही नाही. सगळे आले.'